न वाचता पुसून टाकावे, ही विनंती

नागाओका, २४ नोव्हेंबर

प्रिय फुसाए मावशी,

समोरच्या झाडावर कावळ्यांसाठी राखलेली शेवटची तीन फळं उरली आहेत आणि गल्लीत घरोघरी मुळे वाळत टांगलेत. थंडी पडायला लागली, तुझे गुडघे कसे आहेत? (पाहिलंस ना, आधी ऋतू, मग गुडघे, काम शेवटी. तुझीच शिकवण.)

तुझ्या खुर्चीवर बसून मला आठ महिने झाले. एप्रिलपासून सगळे मला "फुसाए-सानची भाची" म्हणूनच ओळखायचे, जणू आईबापांनी मला नावच ठेवलं नव्हतं. आज पहिल्यांदा मला माझ्या नावाने हाक मारली. हानावा-सान आता ग्राहक विभागाचे प्रमुख आहेत. त्यांनी सकाळच्या सभेत माझा मेल सगळ्यांना वाचून दाखवला.

झालं असं. आपल्या रॉकेलच्या हीटरचा धुराचा पाइप भिंतीतून बाहेर जातो ना, त्याच्या जोडात एक रबरी रिंग असते. यंदाच्या हीटरमधली ती रिंग कडक थंडीत आकसते, असं तपासणीत लक्षात आलं. ही एकच बातमी चार ठिकाणी कळवायची होती, आणि ज्याला त्याला त्याच्या भाषेत. कारखान्याला मी लिहिलं, "उणे आठच्या खाली रिंग आकसते. धूर खोलीत येतो. सगळा साठा तपासा." मुख्य कचेरीला लिहिलं, "रिंगच्या गुणवत्तेबाबत काही निरीक्षणं हाती आली असून अभ्यास चालू आहे." विक्रेत्यांना या दोन्हींच्या मधलं काहीतरी. आणि ज्यांच्याकडे हे हीटर बसलेत, त्या डोंगरातल्या दोनशे तेरा विश्रामगृहांना असं:

"हिमवर्षावाचे दिवस जवळ येत आहेत. आमच्या हीटरची ऊब आपल्या पाहुण्यांना यंदाही लाभो. अधिक सुखद वापरासाठी, सवडीने, बाहेरच्या पाइपच्या जोडावर एकदा नजर टाकावी आणि अधूनमधून खिडकी किलकिली ठेवावी, ही नम्र विनंती."

हानावा-सान म्हणाले, "बघा! कुणाला घाबरवलं नाही, कुणाला दुखावलं नाही, आणि सांगायचं ते सांगून टाकलं. याला म्हणतात मेल." सगळ्यांनी टाळ्या वाजवल्या. मी खाली मान घालून उभी होते, पण आतून उड्या मारत होते. तुला कळवल्याशिवाय राहवेना.

एक विचारायचं होतं. तुझ्या नमुन्यांच्या फायलीत सहावं पान आहे, आठवं आहे, सातवं कुठे गेलं?

तुझी
चिहारु


तोकामाचि, २९ नोव्हेंबर

चि. चिहारुस अनेक आशीर्वाद.

इथे काल पहिलं बर्फ पडलं आणि जेवणाआधीच वितळलं. गुडघे आहेत तिथेच आहेत, फक्त जिना चढताना बोलायला लागलेत. टाळ्या वाजल्या हे वाचून बरं वाटलं. हानावा माझ्या हाताखाली होता तेव्हा जांभई द्यायलासुद्धा परवानगी मागायचा. तो आता सभेत मेल वाचून दाखवतो, म्हणजे दिवस पालटले म्हणायचे.

पण खुसपट काढल्याशिवाय मला पत्र संपवता येत नाही, हे तुला ठाऊक आहे. पत्र लिहिण्याआधी वाचणारा कुठे वाचणार, ते बघावं. कारखान्यातला माणूस उभ्याने वाचतो, हातमोजासुद्धा न काढता. त्याला तू तीन ओळी दिल्यास, छान केलंस. मुख्य कचेरीतला माणूस वाचतो तेव्हा त्याच्या डोक्यात त्याचा साहेब असतो. त्यालाही तू बरोबर ओळखलंस. पण विश्रामगृहाची मालकीण? सकाळची ताटं उचलून झाली, अंथरुणं वाळत घालायची आहेत, दुपारचे पाहुणे यायचे आहेत, अशा घाईत ती ओट्यापाशी फोन धरते. तिला पहिल्या दोन ओळी दिसतात. तुझ्या पहिल्या दोन ओळींत काय आहे? बर्फ आणि ऊब. तिने त्याला शुभेच्छापत्र समजलं तर तिचा काय दोष?

हे मी म्हातारपणी उगाच बडबडते आहे असं समज. तरी मला एवढं कळव, की उत्तरं काय आली. किती आली ते नको सांगूस. त्यांत लिहिलंय काय, ते सांग.

सातवं पान चहा सांडून खराब झालं होतं, म्हणून मीच फाडलं. त्यात विशेष काही नव्हतं.

तुझी मावशी
फुसाए


नागाओका, ५ डिसेंबर

प्रिय मावशी,

बर्फ आलं. बर्फ वितळवायला रस्त्यावरच्या पाण्याच्या नळ्या सुरू झाल्या आणि सगळ्यांचे बूट ओले झाले. तुझ्या गुडघ्यांना जप.

तू विचारल्याप्रमाणे मी उत्तरं परत काढून वाचली. चौसष्ट आली आहेत. "आपला मेल आदरपूर्वक वाचला." "नेहमीच्या स्नेहाबद्दल ऋणी आहोत." "आपणही तब्येतीला जपावं." हिनाता-सो नावाचं एक गरम झऱ्याचं विश्रामगृह आहे, तिथल्या मालकीणबाई सेत्सुको-सान लिहितात, "इतकं सुंदर पत्र हीटरच्या कंपनीकडून येईल असं वाटलं नव्हतं. आमच्या पाहुण्यांनाही दाखवलं." चौसष्टपैकी एकानेही पाइपचा शब्द काढलेला नाही. खिडकीचाही नाही. त्या दिवशी ही उत्तरं वाचून मला वाटलं होतं, चला, सगळ्यांना कळलं.

काल कारखान्यात गेले होते. तिथे इगाराशी म्हणून रिंगचं काम बघणारे एक गृहस्थ आहेत. ते कुणाशी फारसे बोलत नाहीत. मी माझा विश्रामगृहांचा मेल त्यांना दाखवला. त्यांनी वाचला, पुन्हा वाचला, आणि म्हणाले, "या पत्रात धूर कुठे आहे?"

मी म्हटलं, "खिडकी किलकिली ठेवा, असं लिहिलंय की."

"ते मी माझ्या बायकोलाही सांगतो, मासे भाजताना," ते म्हणाले. "इकडे ये."

त्यांनी एक हीटर थंड पेटीत ठेवून चालवला होता. पेटीवर काटा होता. उणे सहाला काही झालं नाही. उणे सातलाही नाही. उणे आठला त्यांनी जोडापाशी उदबत्तीचा धूर धरला. मावशी, धूर बाहेर जाण्याऐवजी आत आला. अगदी सावकाश, कुणीतरी आतून ओढून घ्यावा तसा. इगाराशी-सान म्हणाले, "हा दिसतोय, कारण उदबत्ती आहे. खरा दिसत नाही. त्याला वासही नाही. माणसाला फक्त झोप येते."

मी परत आले आणि नवा मेल लिहिला. हानावा-सानांनी तो तीनदा परत पाठवला. पहिल्यांदा "मृत्यू" हा शब्द काढायला लावला. दुसऱ्यांदा "धोका". तिसऱ्यांदा म्हणाले, "आता यात आधीच्या मेलपेक्षा वेगळं काही उरलंच नाही, मग पाठवायचा कशाला?" ते दुष्ट नाहीत. मी खोलीतून निघताना बघितलं, ते रुमालाने गळा पुसत होते. मुख्य कचेरीने त्यांना सांगितलंय, की हंगाम संपला की वसंतात सगळ्या रिंग गुपचूप बदलू, तोवर शब्द जपून वापरा.

वसंत यायला साडेतीन महिने आहेत. या महिन्याच्या मध्यावर थंडीची मोठी लाट येणार असं हवामानवाले सांगतात. मी रोज सकाळी उठून आधी तापमान बघते. मला भीती वाटते, मावशी. मी काय करू?

चिहारु


तोकामाचि, ९ डिसेंबर

चिहारु,

ऋतूला आणि गुडघ्यांना आज रजा.

सातव्या पानावर चहा सांडला नव्हता. मी खोटं बोलले.

एकोणीस वर्षांपूर्वी आपल्या कंपनीच्या न्हाणीतल्या बंबात असाच एक दोष निघाला होता. तेव्हा या खुर्चीवर मी होते. ग्राहकांना पत्र मी लिहिलं. तुझ्यासारखंच लिहिलं. शरदातल्या चंद्रापासून सुरुवात, आणि शेवटी "सवडीने तपासून घ्यावे." मलाही शाबासकी मिळाली. ते पत्र मी नमुना म्हणून फायलीत लावलं, क्रमांक सात.

दोन महिन्यांनी सादो बेटावरून एक बाई आली. एका निवृत्त शिक्षकाची बायको. बोट, बस, मग चालत, हातात मिठाईचा डबा. तिचा नवरा न्हाणीत गेला तो परत आला नव्हता. ती मला जाब विचारायला आलीय असंच मला वाटलं. आणि ती बाई, चिहारु, खुर्चीवरून उठून माझ्यापुढे कमरेत वाकली. म्हणाली, "तुम्ही एवढं काळजीने पत्र पाठवलंत. आम्हीच ते नीट समजून घेतलं नाही. आमच्यामुळे कंपनीला उगाच त्रास झाला."

मी तिला काय म्हटलं असेल? मी म्हटलं, "छे छे, त्रास कसला." नमुन्यातलंच वाक्य ते. डबा ठेवून घेतला आणि तिला दारापर्यंत सोडलं. त्या संध्याकाळी सातवं पान फाडलं. बाकीची फाडली नाहीत, कारण माझी नोकरी होती. पुढे ती फाईल मी तुझ्या हातात दिली आणि म्हटलं, यातून शीक. हे मला स्वतःला माफ करता येत नाही.

आता काय करायचं ते ऐक. हानावाकडे पुन्हा जाऊ नकोस. परवानगी मागणाऱ्या पत्राला परवानगी लागते, चुकीला लागत नाही. कारखान्याला पाठवलेला तुझा तीन ओळींचा मेल आहे ना, तो चुकून विश्रामगृहांच्या यादीला पाठव. चुकीच्या पत्त्यावर मेल जाणं हे आपल्याकडे मोठं पाप आहे, पण ते प्रत्येकाच्या हातून एकदा तरी झालेलं असतं. माफीनामा लिहावा लागेल. दोन मजले फिरून वाकावं लागेल. थोडे दिवस लोक तुझ्याकडे बघून कुजबुजतील. होऊ दे. दोनशे तेरा घरांत एकदाची ती तीन वाक्यं तर पोचतील.

थांबू नकोस.

फुसाए


नागाओका, १४ डिसेंबर (तातडीच्या टपालाने)

मावशी,

केलं, आणि त्यातून काहीच साधलं नाही. उलट बिघडलं.

मंगळवारी सकाळी दहा चाळीसला पाठवला. कारखान्याच्या यादीखालीच विश्रामगृहांची यादी आहे, बोट एक घर खाली सरकवलं की झालं. पाठवल्यावर माझे कान तापले. मी मोठ्याने "अगं बाई!" म्हणून ओरडले, ठरल्याप्रमाणे. पाच मिनिटांत हानावा-सान माझ्या पाठीशी उभे. चेहरा पांढराफटक. म्हणाले, "लगेच दिलगिरीचा मेल लिही. आत्ता. मी इथेच उभा आहे."

मी लिहिला. खरं सांगते, लिहिताना मनातल्या मनात मी हसत होते. मला वाटलं, "पुसून टाका" म्हटलं की माणूस आधी वाचतोच. जितकी जास्त माफी मागीन तितकं कुतूहल वाढेल. म्हणून मी अगदी जीव ओतून लिहिलं: "आमच्या अक्षम्य निष्काळजीपणामुळे एक अंतर्गत मेल आपणास गेला. आपल्या अमूल्य वेळेचा अपव्यय झाला. मनापासून क्षमा मागतो. सदर मेल न वाचता पुसून टाकावा, ही विनंती." दहा चाळीसचा मेल आणि अकराचा माफीचा मेल. वीस मिनिटं मिळाली होती, पण ती ताटं-अंथरुणांच्या घाईची वेळ. तूच सांगितलं होतंस.

दुपारपासून उत्तरं यायला लागली. "न वाचता पुसला, निश्चिंत असावे." "आपल्या सूचनेप्रमाणे उघडला नाही." "कृपया मनाला लावून घेऊ नये, आमच्याकडूनही असं होतं." पहिल्या मेलला चौसष्ट उत्तरं आली होती. याला एकशे ऐंशी आली. एकशे ऐंशी, मावशी! सगळ्यांनी माझी लाज राखली. जन्म गेला या लोकांत आणि मी त्यांना ओळखलंच नाही.

सेत्सुको-सानांच्या मेलखाली नंबर होता. मग घरच्या फोनवरून हिनाता-सोला फोन केला. तिथे चौदा हीटर आहेत.

"मी चिहारु मोरोहाशी, हीटर कंपनीची—"

"अगंबाई, तूच का ती? पोरी, मुळीच वाईट वाटून घेऊ नकोस हं. मी पुसला तो मेल. एक अक्षर वाचलं नाही."

"नाही, सेत्सुको-सान, तो वाचायचाच होता. त्यात—"

"कळतंय मला. आमच्याकडे एकदा एका पाहुण्याचं बिल दुसऱ्याच्या बायकोला गेलं होतं! त्यापुढे हे काहीच नाही. तुला साहेब फार बोलले का?"

"बोलले, पण ते जाऊ दे. हीटरमधून धूर—"

"ऊब छान आहे हो! शनिवारी सगळं भरलंय. तू रडू नकोस बाळ. फोन ठेवते, पाहुणे आले."

मी पुन्हा लावला. त्यांनी उचलला, "विसरून जा म्हटलं ना," असं हसून म्हणाल्या आणि ठेवला. मी खरंच रडत होते, म्हणून साहेब बोलले त्याचंच मला वाईट वाटतंय असं त्यांना वाटलं असणार.

कंपनीने माझं मेलचं खातं बंद केलं. उद्यापासून मी गोदामात, खोकी मोजायला. शनिवारी डोंगरात उणे अकरा सांगितलंय.

चिहारु


तोकामाचि, १७ डिसेंबर

चिहारु,

काल फोनवर मला धड बोलता आलं नाही. म्हणून लिहिते.

तुझं पत्र शुक्रवारी संध्याकाळी मिळालं. शनिवारी पहिल्या बसने निघाले. बस शेवटच्या थांब्याच्या अलीकडे अर्धा कोस थांबली, पुढे रस्ता साफ व्हायचा होता. चालत गेले. गुडघ्यांनी काय काय म्हटलं ते तुला सांगत नाही.

सेत्सुको-सान दारात आल्या. गोल चेहऱ्याची, गोड बाई. मी कोण ते सांगितल्यावर माझा हात धरून म्हणाल्या, "तुमच्या भाचीला सांगा, माझा काही राग नाही." मी म्हटलं, "तुमचे हीटर बंद करा." त्या हसल्या. "एवढ्या थंडीत?" मी पुन्हा म्हटलं. तेवढ्यात मागच्या भिंतीकडे माझं लक्ष गेलं. तुझं पहिलं पत्र त्यांनी छापून, जाड कागदावर चिकटवून, हीटरच्या वर लावलं होतं. म्हणाल्या, "प्रत्येक खोलीत लावलंय. पाहुणे फार कौतुक करतात."

मी विचारलं, "सगळे पाहुणे उठले का?"

"वरच्या खोलीतले एक आजोबा झोपलेत अजून. मासेमारीचे गळ बनवतात. दमून आले होते, न्याहारीलाही आले नाहीत. म्हटलं, कशाला उठवा."

मी बूट काढले नाहीत. बर्फाच्या बुटांनी जिना चढले आणि तशीच चटयांवर गेले. सेत्सुको-सान मागून "अहो, बूट! अहो!" म्हणत होत्या. दार सरकवलं. खोली छान उबदार होती. कसलाही वास नव्हता. ते अंथरुणात होते, गाल लालचुटुक, लहान बाळासारखे. मी हाक मारली, गालावर चापट मारली, खिडकी ढकलली तर बर्फाने गोठलेली. मग तिथली लोखंडी किटली उचलून काच फोडली. सेत्सुको-सान तोवर किंचाळत होत्या. काच फुटल्यावर त्यांनी आजोबांचे पाय धरले, मी खांदे. ओढत ओढत त्यांना सज्ज्यावर बर्फात आणलं.

ते जिवंत आहेत. इथल्या दवाखान्यात आहेत. आज सकाळी डोळे उघडले. डॉक्टरांनी बायकोचं नाव विचारलं, तर बराच वेळ आठवत राहिले आणि चुकीचं सांगितलं. बायको शेजारी उभी होती. ती म्हणाली, "बरोबर आहे, बरोबर आहे." मग बाहेर येऊन रडली.

सेत्सुको-सानांनी चौदाही हीटर बंद केले आणि चौदाही कागद उतरवले. 

अग्निशमन दलाच्या साहेबांनी माझं म्हणणं लिहून घेतलं. सोमवारी कंपनीला पत्र पाठवतो म्हणाले. मी विचारलं, "कसं लिहिणार?" म्हणाले, "एकच घटना आहे, त्यामुळे सौम्य शब्दांत, विचारणा म्हणून." 

दोनशे बारा राहिलेत. मला पुढचं सुचत नाही. मी म्हातारी झाले आहे आणि मला फार भीती वाटते.

फुसाए


नागाओका, २१ डिसेंबर (शेवटच्या बसच्या चालकाच्या हाती)

मावशी,

तुझं पत्र येण्याआधीच, शनिवारी तुझ्या फोननंतर, मला एक गोष्ट लक्षात आली होती. मला शिक्षा म्हणून जिथे टाकलं, तिथेच पाठवलेल्या खोक्यांच्या पावत्या असतात. विश्रामगृहाचं नाव, पत्ता, किती हीटर. फोन नंबर नाहीत, पण पत्ते आहेत, सगळे. रविवारी चावी मागून गोदामात बसले आणि कार्डं लिहिली. पाकीट नको होतं. पाकीट उघडावं लागतं, कार्ड आपोआप वाचलं जातं. टपालवाला वाचतो, मोलकरीण वाचते, पाहुणाही वाचतो. सगळ्यांवर एकच मजकूर लिहिला:

"हीटर आत्ता बंद करा. खिडकी उघडा. यातून विषारी धूर खोलीत येतो. त्याला वास नाही. शनिवारी हिनाता-सोमध्ये एक माणूस मरता मरता वाचला. हे कार्ड वाचल्यावर मला फोन करा. चिहारु मोरोहाशी." खाली माझ्या घरचा नंबर.

सोमवारी सकाळी शेवटची तीसेक राहिली होती, तेव्हा हानावा-सान गोदामात आले. त्यांनी एक कार्ड उचललं. फार वेळ वाचत होते.

"हे कुणासाठी लिहिलंयस?"

"सगळ्यांसाठी."

"सगळ्यांसाठी एकच मजकूर कधी लिहितात का?" ते म्हणाले, पण सवयीने म्हणाल्यासारखे. मग विचारलं, "डोंगरात आज किती आहे?"

"उणे नऊ."

त्यांनी कार्ड गठ्ठ्यावर परत ठेवलं, कडा नीट जुळवल्या आणि निघून गेले. कार्डं जप्त केली नाहीत. त्यांच्याबद्दल मला एवढंच सांगता येईल. मी जेवणाच्या सुट्टीत सगळी टपालात टाकली आणि दुपारी राजीनामा दिला, कारण आता घरी फोनपाशी बसायला हवं होतं.

पहिला फोन काल सकाळी सात वाजता आला. मी "मोरोहाशी बोलते" म्हणायच्या आत एक बाई ओरडली, "काय गं ए, हे काय लिहून पाठवलंस? माझ्या घरात बावीस माणसं झोपलीत!"

"हीटर बंद केले का?"

"केले! मग आता थंडीने मरायचं का आम्ही?"

"खिडक्या?"

"उघडल्या! आणि तुम्ही नोव्हेंबरात बर्फ आणि ऊब कसली लिहीत होतात? लाज नाही वाटली?"

"वाटते," मी म्हटलं. तिने फोन आपटला. मी यादीत खूण केली.

तेव्हापासून फोन थांबलेला नाही. एकाने मला खुनी म्हटलं. एका म्हाताऱ्याने अशा शिव्या दिल्या, की त्यातल्या दोन मी पहिल्यांदाच ऐकल्या. नमस्कार नाही, हवापाणी नाही, "नेहमीच्या स्नेहाबद्दल" नाही. एका बाईने सांगितलं, की तिची सासू चार दिवस डोकं दुखतं म्हणत होती आणि ती तिला नाटकी म्हणत होती. ती मला बोलता बोलता स्वतःलाच शिव्या द्यायला लागली. मी प्रत्येकाला तेच दोन प्रश्न विचारते आणि खूण करते. मला आजवर इतकं कुणी बोललं नव्हतं, आणि प्रत्येक शिवीसरशी माझा जीव थोडा भांड्यात पडतो. ज्याने शिवी दिली, त्याने वाचलंय.

दोनशे बारापैकी दोनशे तीन झाले. नऊ राहिलेत. त्यांतल्या दोघांकडे जाणारा रस्ता बर्फाने बंद आहे, टपाल पोचलंच नसणार. तिथल्या पोलीस चौकीला आज सकाळी कळवलं. ते निघाले आहेत. उरलेल्या सातांचं काय, ते माहीत नाही. कदाचित कार्ड कुठेतरी जाहिरातींच्या गठ्ठ्यात पडलं असेल. कदाचित हंगामापुरतं घर बंद असेल. आज रात्री उणे दहा सांगितलंय. त्या सात नावांचा कागद समोर ठेवलाय आणि त्याच्याकडे बघवत नाही. उद्या पहाटे चौघांकडे मी जाते, तिघांकडे तू जा. पत्ते सोबत आहेत. बूट काढू नकोस.

इथवर लिहिलं आणि फोन वाजला. चुकीचा नंबर होता. तो माणूस "आपल्या मौल्यवान वेळेत व्यत्यय आणला, मनापासून क्षमा असावी," असं फार सुरेख बोलत होता. मी त्याला मध्येच तोडलं आणि फोन ठेवला. लाइन मोकळी हवी.

चिहारु